मुळाच्या टोकाचं ऑपरेशन आणि तड्याची भीती : माझा एपिसेक्टमीचा अनुभव

ऑक्टोबर २०२३. दसरा नुकताच झाला होता. वरच्या पुढच्या दाताच्या वर, हिरडीवर, एक बारीक पुटकुळी आली. दुखणं असं काही नव्हतंच. जिभेनं दाबली की तोंडात खारट, घाण चव यायची, पुटकुळी बसायची आणि आठवड्याभरात परत डोकं वर काढायची.

हा दात जुना दुखणेकरी. कॉलेजात असताना स्कूटीवरून पडले तेव्हा समोरच्या दातांना मार बसला होता. बाकीचे सावरले, हा एकटा हळूहळू काळा पडत गेला. २००६ साली त्याचं रूट कॅनॉल झालं, आत धातूची पोस्ट, म्हणजे आधाराची कांडी, बसवून वर कॅप घातली. त्यानंतर इतकी वर्षं त्यानं काही त्रास दिला नव्हता, म्हणून आता या पुटकुळीचा आणि त्याचा संबंध असेल असं पटेना.

कोल्हापुरातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एक साधी गोष्ट केली. पुटकुळीच्या तोंडातून गटापर्चाची (रूट कॅनॉल भरायला वापरतात त्या रबरासारख्या पदार्थाची) बारीक, लवचीक काडी अलगद आत सरकवली आणि ती तशीच ठेवून एक्स-रे काढला. तीनशे रुपये, पाच मिनिटं. फिल्मवर काडी वळत वळत त्याच दाताच्या मुळाच्या टोकापाशी जाऊन थांबलेली दिसली, आणि टोकाभोवती वाटाण्याएवढी काळी सावली. हाड विरलं की एक्स-रेत तिथं काळं दिसतं. म्हणजे कॅनॉलच्या टोकाशी जंतू राहिले होते आणि पू हाड पोखरत हिरडीतून वाट काढत होता.

"पू कुठनं येतोय ते कळलं," डॉक्टर म्हणाले. "आता आपण आत कुठनं जायचं ते ठरवायचं."

सहसा अशा वेळी रूट कॅनॉल पुन्हा करतात. पण माझ्या दातात ती पोस्ट होती, चांगली जाड आणि सिमेंटनं पक्की बसलेली. ती काढायची तर तिला अल्ट्रासॉनिक टिप, म्हणजे अतिशय वेगानं थरथरणारं बारीक टोक, लावून हादरे द्यावे लागतात. त्यात धातू तापतो, पाण्याचा मारा कमी पडला तर मुळाभोवतीच्या हाडाला चटका बसू शकतो, आणि ओढताना मूळ उभं चिरण्याचा धोका वेगळाच. दुसरा मार्ग उलट्या बाजूनं. हिरडी उघडायची, हाडातून थेट मुळाच्या टोकाशी पोचायचं, टोक कापून टाकायचं आणि त्या टोकाकडून कॅनॉल बंद करायचा. याला एपिसेक्टमी म्हणतात. तिसरा मार्ग म्हणजे दात काढून इम्प्लांट. घरी बहुमत तिसऱ्याच्या बाजूनं होतं. मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "काढून टाक जा की गं एकदाचा! किती दिवस त्याला कुरवाळत बसणार?"

मला दात ठेवायचा होता. मूळ भक्कम होतं, शेजारचे दात धड होते, आणि इम्प्लांटचा अंदाज कॅपसकट चाळीस हजारांच्या पुढं जात होता. ब्रिज करायचा तर शेजारचे दोन चांगले दात घासावे लागणार, ते मनाला अजिबात पटत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, करायचं असेल तर मायक्रोस्कोपखाली काम करणाऱ्या एंडोडॉन्टिस्टकडं, म्हणजे रूट कॅनॉलच्या तज्ज्ञाकडं, करा, आणि पुण्यातल्या एका मॅडमांच्या नावानं चिठ्ठी दिली. सांगलीच्या बाजूला डेंटल कॉलेजात खर्च बराच कमी आला असता. तिथं चौकशी केली, पण पीजी विभागाच्या परीक्षा आणि आधीची यादी धरून नंबर बराच पुढचा होता. तुमच्या हातात वेळ असेल तर तो पर्याय नक्की बघा. पीजी विभागात मायक्रोस्कोप असतो आणि काम प्राध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली वेळ मिळाली. कोल्हापूर-स्वारगेट एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे प्रवास खिशाला जड गेला नाही. वेळेचं मात्र गणित धरू नका. सातारा ते कागल रस्त्याचं काम सुरू होतं, म्हणून मी दुपारची वेळ मागून घेतली होती आणि तरीही धावतपळतच पोचले.

मॅडमांनी सीबीसीटी काढून आणायला सांगितला. हा जबड्याचा त्रिमितीय स्कॅन. पूर्ण जबड्याचा काढायची गरज नसते, छोट्या भागाचा पुरतो. त्यात किरणंही कमी आणि पैसेही. मला अठराशे पडले. सेंटरवाले छापील फिल्म देऊन मोकळे होतात. पेनड्राइव्ह सोबत नेऊन मूळ फाइल मागून घ्या. पुढं त्याच फाइलवर मॅडमांनी मुळाची लांबी, टोकापासून नाकाच्या तळाचं अंतर आणि पुढचं हाड किती पातळ झालंय ते मोजलं. छापील फिल्मवर हे जमलं नसतं.

मग त्यांनी कागदावर चित्र काढून ऑपरेशन समजावलं. मुळाचं शेवटचं ३ मिलिमीटर कापायचं, कारण कॅनॉलला बारीक फाटे फुटतात ते बहुतेक याच पट्ट्यात असतात, आणि जंतू त्यांतच दडून बसतात. मग कापलेल्या तोंडातून आत, कॅनॉलच्या रेषेतच, आणखी ३ मिलिमीटर खोल खोबण करायची आणि ती एमटीए नावाच्या सिमेंटसारख्या पदार्थानं भरायची. ही खोबण अल्ट्रासॉनिक टिपनं करतात.

अल्ट्रासॉनिक म्हटल्यावर माझे कान टवकारले. मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) आत ब्लोहोल, श्रिंकेज अशा पोकळ्या आहेत का ते बघायला आम्ही अल्ट्रासॉनिक टेस्टिंग करतो. तिथं लहरी मेगाहर्ट्झमधल्या असतात आणि इतक्या सौम्य, की लोखंडाला त्यांचा पत्ताही लागत नाही. दातांच्या यंत्राचं तसं नाही. त्याची टिप सेकंदाला साधारण पंचवीस ते चाळीस हजार वेळा प्रत्यक्ष पुढं-मागं हलते आणि त्या हलण्यानंच डेंटिन, म्हणजे दाताचा आतला कडक भाग, कोरते. कडक, ठिसूळ वस्तूला असे हादरे दिले की काय होतं हे आम्ही रोज बघतो. मी सरळ विचारलं, "मॅडम, यानं मुळाला तडा जाणार नाही का?"

हा प्रश्न विचारला याचं मला आजही समाधान आहे, कारण त्यानंतरच्या अर्ध्या तासात माझी भीती खऱ्या अर्थानं गेली. मॅडमांनी "काही होत नाही हो" म्हणून वाटेला लावलं नाही. त्या म्हणाल्या, "जाऊ शकतो. म्हणूनच तो बघायचा कसा आणि टाळायचा कसा, हे आम्हाला शिकवतात."

त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी स्वतः वाचलेलं इथं लिहिते, कारण मराठीत हे कुठं मिळालं नाही.

पूर्वी ही खोबण साध्या ड्रिलच्या गोल बरनं, म्हणजे ड्रिलला लावायच्या कोरणाऱ्या टोकानं, करायचे. ड्रिलचं डोकं आत मावावं म्हणून हाडात मोठं भोक पाडावं लागे आणि मूळ ४५ अंशांत तिरकं कापावं लागे. तिरक्या कापावर डेंटिनच्या सूक्ष्म नळ्या जास्त उघड्या पडतात आणि गळतीला वाट मिळते. शिवाय बर कॅनॉलच्या रेषेत न जाता तिरका घुसला तर टाळूच्या बाजूची भिंतच फुटायची. दातांच्या कॅनॉलमध्ये अल्ट्रासॉनिक वापरण्याचा पहिला प्रयोग १९५७ मध्ये रिचमन यांनी केला होता, पण मुळाच्या टोकासाठी खास वाकवलेल्या छोट्या टिप्स आल्या त्या १९९० च्या सुमाराला, कॅलिफोर्नियातल्या गॅरी कार यांच्यामुळे. टिपचं टोक जेमतेम ३ मिलिमीटर असल्यानं हाडातलं भोक लहान झालं, मूळ जवळजवळ काटकोनात कापता येऊ लागलं, आणि खोबण कॅनॉलच्या रेषेत होऊ लागली.

पण लगेच, १९९४ च्या आसपास, प्रयोगशाळेतून वेगळी बातमी आली. काढलेल्या दातांवर अल्ट्रासॉनिकनं खोबणी करून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर कापलेल्या तोंडावर केसासारखे तडे दिसले. काही कॅनॉलपासून निघून थेट मुळाच्या बाहेरच्या कडेपर्यंत गेलेले, काही अर्ध्यात थांबलेले, काही डेंटिनच्या पोटातच, तर काही मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरापुरते. यंत्राची ताकद वाढवली की तडे वाढतात असं काही प्रयोगांत दिसलं, काहींत तसा फरक आढळला नाही. भिंत पातळ उरली की धोका जास्त, यावर मात्र कुणाला फारसा वाद घालावासा वाटणार नाही.

आणि इथं क्वालिटीवाल्या माणसाला लगेच सुचणारी शंका त्या मंडळींनाही सुचली होती. तपासणीसाठीच नमुना खराब होत नाही ना? काढलेला दात सुकतो, सुकलेलं डेंटिन आपोआप चिरतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये बघायचं तर नमुना निर्वातात ठेवावा लागतो, तिथं तो आणखी सुकतो. म्हणून पुढच्या संशोधकांनी दाताचा साचा घेऊन त्याची रेझिनची प्रतिकृती बघायला सुरुवात केली. मृतदेहातल्या दातांवरही कामं झाली, कारण तिथं मुळाभोवती हाड आणि त्यामधला मऊ पडदा जागेवर असतो आणि हादरे तो शोषून घेतो. त्यांत तडे कमी दिसले. १९९९ मध्ये मॉर्गन आणि मार्शल यांनी खऱ्या रुग्णांच्या ऑपरेशनमध्येच साचे घेतले. २५ मुळांपैकी एकाच मुळावर एक लहान, उथळ तडा सापडला. हे वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली.

ऑपरेशन यशस्वी होण्याच्या बाबतीतही जुन्या-नव्या पद्धतीत मोठा फरक आहे. २०१० च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात जुन्या पद्धतीचं यश ५९ टक्के, तर मायक्रोस्कोप, अल्ट्रासॉनिक आणि एमटीएसारखे पदार्थ वापरून केलेल्या पद्धतीचं ९४ टक्के आलं होतं. अल्ट्रासॉनिकनं तड्यांचा प्रश्न आणला, पण त्यानं सोडवलेले प्रश्न त्याहून मोठे होते, असं माझं मत झालं. माझ्या बाबतीत ताकद कमी ठेवणार, पाणी सतत चालू राहणार, टिप दाबायची नाही, नुसती टेकवत थांबत थांबत काम करायचं, आणि शेवटी रंग लावून तडा तपासणार, एवढं मॅडमांनी तोंडी कबूल केलं.

तारीख ठरली शनिवार, १७ फेब्रुवारी २०२४. मधला वेळ कागदपत्रांत गेला.

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बसेल या आशेवर मी एचआरकडं गेले. पॉलिसीत लिहिलेलं होतं, दातांचा उपचार अपघातामुळे आणि ॲडमिट होऊन घेतला तरच. माझा अपघात जुना, ॲडमिट व्हायचं नाही. तरी मी मॅडमांचं पत्र, एक्स-रे आणि खर्चाचा अंदाज जोडून ईमेल केला. तिकडून आणखी कागद मागवले, ते दिले, आणि जानेवारी संपता संपता नकार आला. तुम्हीही फोनवर विचारून थांबू नका, ईमेलच करा. उत्तर लेखी असलं की मन त्या पैशांत अडकून राहत नाही आणि पुढची सोय लावता येते. रजेसाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागलं, त्यावर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर आणि शिक्का हवाच, नाहीतर आमच्याकडं ते परत येतं. कामावर रुजू होताना फिटनेस सर्टिफिकेट वेगळं. दोन्ही एकदमच मागून घ्या, पुण्याला त्यासाठी पुन्हा जायला नको.

रक्ताच्या तपासण्या कोल्हापुरातच केल्या. सीबीसी, साखर, रक्त गोठण्याची वेळ, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, मिळून बाराशे रुपये. रिपोर्ट फार जुने चालत नाहीत, म्हणून आठवडाभर आधीच करा. रक्त पातळ होण्याची गोळी सुरू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, ती देणाऱ्या डॉक्टरांना आधी विचारा.

संमतिपत्र दोन पानी आणि इंग्रजीत होतं. मला इंग्रजी वाचता येतं, पण घरी दाखवायचं होतं म्हणून मराठी प्रत मागितली, आणि ती त्यांच्याकडं होती! त्यातल्या एका ओळीवर मी थांबले : उघडल्यावर मूळ उभं चिरलेलं आढळलं तर त्याच वेळी दात काढावा लागेल. हे मी आधीच विचारून ठेवलं ते बरं झालं. तसं झालं तर समोर खिंडार घेऊन परतावं लागू नये म्हणून त्यांनी माझ्या दातांचं माप घेऊन एक काढता-घालता येणारा दात तयार ठेवला. पुढच्या दाताचं ऑपरेशन असेल तर याबद्दल नक्की बोला.

ऑपरेशनच्या दिवशी नवरा सोबत होता. सकाळी पोटभर नाश्ता करून यायला सांगितलं होतं, कारण भूल फक्त तेवढ्या भागाची. आधी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकानं चूळ. मग इंजेक्शनं. ओठाच्या बाजूची सुसह्य होती, टाळूतलं मात्र डोळ्यांतून पाणी काढणारं. नंतरच्या सगळ्या प्रकारात दुखलं ते एवढंच. तोंडावर हिरवं कापड टाकलं, डोळे झाकले, आणि उरलेला वेळ मी फक्त ऐकत होते.

हाड कोरतानाचा आवाज मोठा, घरघरणारा. मग चमच्यासारख्या हत्यारानं खरवडणं जाणवलं. आतला गाठीसारखा भाग काढून फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकला, तो बायोप्सीला जाणार होता. मग पुन्हा ड्रिल, टोक कापण्यासाठी. मग शांतता. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, फक्त "लाइट थोडा डावीकडे," "पुन्हा धू" एवढंच. ती शांतता मला जड गेली. हाताची मूठ आवळलेली बघून असिस्टंट मुलीनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ताई, सगळं नीट चाललंय, मॅडम तपासतायत." या मुलीचे उपकार मी विसरणार नाही. पुन्हा थोडं ड्रिल, पुन्हा शांतता. त्यानंतर तो आवाज आला, ज्याची मी वाट बघत होते. बारीक, शिट्टीसारखा, आणि कानातून कमी, टाळूच्या हाडातून जास्त ऐकू येणारा. पाण्याचा गार फवारा सतत. दुखलं अजिबात नाही. चार-पाच सेकंद चालायचा, थांबायचा, परत चालायचा. एवढी चर्चा केलेला भाग बघता बघता संपला.

टाके घातल्यावर लगेच एक्स-रे काढला, आणि मग मॅडमांनी मॉनिटरवर मायक्रोस्कोपचं रेकॉर्डिंग दाखवलं. ते मी आधीच मागून ठेवलं होतं.

स्क्रीनभर माझ्या मुळाचा कापलेला तोंडवळा. लांबट गोल, पिवळसर, मध्यभागी गटापर्चाचा नारिंगी ठिपका. त्यावर बारीक ब्रशनं मिथिलीन ब्लू लावलं, थोडं थांबून सलाइननं धुतलं, कोरडं केलं. मी खुर्चीत सरसावून बसले, कारण हे माझं रोजचं काम आहे. आम्ही डाय पेनिट्रंट टेस्ट करतो तेव्हा कास्टिंगवर लाल रंग फवारतो, तो मुरू देतो, पुसतो, डेव्हलपर मारतो, आणि तडा असेल तिथं लाल रेघ उमटते. इथं रंग निळा आणि वस्तू मी.

मुळाच्या कडेनं एक अखंड निळी रेघ गोल फिरली होती. तो मुळाभोवतीचा पडदा, त्यानं रंग घेतलेला. रेघ पूर्ण गोल असली म्हणजे टोक पूर्ण कापलं गेलंय. पण त्या गोलाच्या आत, कॅनॉलच्या कडेपासून टाळूच्या बाजूला, केसाएवढी आणखी एक निळी रेघ निघाली होती आणि अर्ध्या वाटेत थांबली होती.

"ही अल्ट्रासॉनिक लावायच्या आधीची आहे," मॅडम म्हणाल्या. पोस्टमुळे पडली, जुन्या माराची, की टोक कापताना आली, ते त्यांना सांगता येत नव्हतं आणि त्यांनी तसा आवही आणला नाही. त्यांनी आणखी अर्धा मिलिमीटर कापून पुन्हा रंग लावला होता. दुसऱ्या वेळी आतली रेघ नव्हती. ती मूठ आवळलेली शांतता म्हणजे हा वेळ होता. मग खोबण, आणि तिसऱ्यांदा रंग. पडद्यावर फक्त बाहेरचा निळा गोल आणि मधोमध स्वच्छ, काळं, सरळ भोक. मी ते रेकॉर्डिंग मागं नेऊन पुन्हा पुन्हा बघितलं.

मॅडमांनी एक मर्यादाही सांगितली : रंग शिरतो तेवढंच दिसतं. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. डाय पेनिट्रंटमध्येही पृष्ठभागापर्यंत उघडा असलेलाच तडा सापडतो, आतला नाही. माझ्या दृष्टीनं तिसऱ्या रंगानंतर जे दिसलं ते पुरेसं होतं. कापल्यावर एकदा आणि खोबणीनंतर एकदा, अशी दोन वेळा रंग लावून तपासणी व्हावी, असं आज कुणी विचारलं तर मी आवर्जून सांगते. खोबणीनंतरच रंग लावला असता तर माझ्या मुळातल्या त्या जुन्या रेघेचा दोष अल्ट्रासॉनिकवर गेला असता.

खोबण एमटीएनं भरली. हा पदार्थ १९९३ मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबीनेजाद यांनी पुढं आणला. मुळात तो पोर्टलँड सिमेंटच्या कुळातला, ओलाव्यातच घट्ट होणारा, आणि म्हणूनच रक्त-लाळेच्या जागी चालणारा. पूर्ण घट्ट व्हायला त्याला काही तास लागतात.

ऑपरेशनचे बावीस हजार, बायोप्सीचे नऊशे, औषधांचे साडेसहाशे. त्याच दिवशी एसटीनं परत न येता आम्ही पुण्यात चुलतसासूबाईंकडं राहिलो. बर्फ सुती कापडात गुंडाळून पहिल्या दिवशी शेकत राहिले, थोडा वेळ ठेवायचा, थोडा वेळ काढायचा. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉलवर दुखणं आटोक्यात राहिलं. सूज मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढते, हे आधी माहीत असू द्या, नाहीतर घाबरायला होतं. माझा ओठ नाकापर्यंत सुजला आणि डोळ्याखाली जरा निळं पडलं. ओठ वर उचलून टाके बघायचा मोह होतो, तो आवरा, टाके तिथंच ताणले जातात. जेवण म्हणजे मऊ भात, दही, केळं, गार झालेलं सूप. त्या बाजूला ब्रश नाही, फक्त चूळ. क्लोरहेक्सिडीननं जिभेची चव जाते आणि दातांवर तपकिरी डाग येतात, ते नंतर क्लीनिंगला निघतात.

गुरुवारी, २२ तारखेला, टाके काढले. दोऱ्या केसांसारख्या बारीक होत्या, काढताना नुसतं टोचल्यासारखं झालं. सोमवारी कामावर. हिरडीचा तो भाग दीड-दोन महिने बधिर वाटत राहिला, मग हळूहळू जाण आली.

बायोप्सीचा रिपोर्ट मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला : पेरिअपिकल ग्रॅन्युलोमा. जंतूंच्या त्रासानं झालेली साधी सुजेची गाठ, दुसरं काही नाही. रिपोर्टच्या आधीचे दिवस अवघड गेले. कुणी काही वाईट सुचवलेलं नव्हतं, तरी फॉर्मेलिनची ती बाटली डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आईला मी बायोप्सीबद्दल सांगितलंच नव्हतं, रिपोर्ट आल्यावर सांगितलं, आणि ती फोनवर आधी रागावली, मग रडली.

ऑगस्ट २०२४ च्या एक्स-रेत सावली निम्म्यावर आली होती. फेब्रुवारी २०२५ ला ती जवळपास गेलेली आणि मुळाभोवती पडद्याची बारीक रेघ नीट दिसणारी. पुटकुळी परत आली नाही. वर्षभरानंतर भरून आलेलं दिसलं की बहुतेकांचं काम झालेलं असतं. अर्धवट भरलेल्यांना चार वर्षांपर्यंत बघत राहतात. तडा कुठं राहिला असेल आणि त्यातून मूळ पुढं कधी चिरणार असेल, तर त्याचीही पहिली खूण बहुधा एक्स-रेत, हिरडीच्या एकाच जागी अचानक खोल झालेल्या फटीत किंवा परत आलेल्या पुटकुळीत दिसते. म्हणून दर वर्षी एक्स-रेबरोबर हिरडीची फट मोजून घ्यायला मॅडमांनी सांगितलंय.

हिरडी किंचित वर सरकल्यानं कॅपची धातूची कड बारीक काळी रेघ होऊन दिसते. हसताना ओठाखाली झाकते, तरी मला ती बदलायची होती. मॅडमांनी सध्या नको म्हटलं. कॅप ओढून काढताना पोस्टवर आणि पोस्टमधून मुळावरच जोर येणार, आणि आता मूळ साडेतीन मिलिमीटरनं आखूड आहे. पुढची तपासणी फेब्रुवारी २०२६ मध्ये. त्यासाठी पुण्याला जायचं नाही, कोल्हापूरचे डॉक्टर त्याच कोनातून एक्स-रे काढून ईमेल करणार आहेत. त्यासाठी पहिल्या एक्स-रेची प्रत आणि कोनाची नोंद मी त्यांच्या फाइलला लावून आलेय.